आबांच्या गाडीचा तांबडा दिवा

आमच्या गाडीतला ऑइलचा तांबडा दिवा पहिल्यांदा पेटला तो कोयनानगरच्या घाटात. मागं पाचसहा वऱ्हाडी कोंबलेले होते आणि मी पुढं आबांच्या शेजारी. आबांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, डब्यातलं ऑइल ओतलं आणि म्हणाले, "ऑइल कमी झालंतं. बसा." शहात्तर सालचा उन्हाळा होता तो.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेत वीस वर्षं ट्रक चालवला, शेवटी शेवटी नव्या जवानांना शिकवला, आणि हवालदार होऊन घरी आले. शेतातला ऊस माझा भाऊ बघायचा. आबांनी धरणावरून बदलून चाललेल्या एका इंजिनियरची जुनी विलायती गाडी घेतली आणि कराडजवळच्या आमच्या गावातून ती भाड्यानं फिरवायला लागले. कुणाची बाळंतीण सांगलीला न्यायची, कुणाची नवरी साताऱ्याला पोचवायची. आई गेल्यावर तर त्यांचा सगळा जीव त्या गाडीतच होता. गाडी गेली असती तर आबा घरात बसले असते, आणि घरात बसलेले आबा मला डोळ्यांसमोर आणताच येत नव्हते. मी गावच्याच शाळेत शिकवत होते. पंचविशी उलटली होती आणि लग्नाचं कुणी काढलं की अंगावर धावून जात होते.

घाटानंतर दिवा वरचेवर पेटायला लागला. सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला. गाडी गावात शिरली की पारावरची मंडळी म्हणायची, "आली हवालदारांची आगगाडी." आबा हसायचे नाहीत.

एका रविवारी आम्ही दोघं सांगलीला मिस्त्रीकडं गेलो. मिस्त्रीनं बॉनेट वर केलं आणि सहज विचारलं, "ऑइल बघितलंय न्हवं?"

"सकाळी फर्स्ट परेड केलीय," आबा म्हणाले.

फौजेत ड्रायव्हर गाडी सुरू करायच्या आधी रोज सकाळी ऑइल, पाणी, हवा, ब्रेक सगळं तपासतो, ती फर्स्ट परेड. आबांची ती घरी आल्यावरही एक दिवस चुकली नव्हती. मिस्त्रीनं ऑइल मोजायच्या पट्टीकडं गेलेला हात मागं घेतला. आमच्याकडं घराआड एक माणूस फौजेत. फर्स्ट परेड केली म्हणणाऱ्या हवालदारासमोर पट्टी काढून बघणं म्हणजे त्याला तोंडावर खोटं पाडणं. तेवढं सोडून त्यानं सगळं बघितलं. दिव्याची वायर बघितली, बल्ब बदलला, ऑइलचा दाब दाखवणारा खटका बदलला. प्लग काढले तर ते काळे आणि तेलानं चिकट.

"पिस्टनच्या रिंगा गेल्यात, ऑइल जळतंय," तो म्हणाला. "इंजिन खोलाय लागंल. आन एवढ्या जुन्या गाडीच्या रिंगा मिळतील आसं मला वाटत न्हाई. पुढच्या आइतवारी आणा, खोलून बघू."

आबांनी स्वतःच बॉनेट बंद केलं. मला काही वाटलं नाही. इंजेक्शन दिल्यावर दाढेभोवती होतं तसं आत कुठंतरी बधिर झालं होतं, आणि ते मग बरेच दिवस उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हंडा घेऊन अंगणात आले तेव्हा आबांची परेड चालू होती. एरवी मी तिकडं बघत नसे. रोज घडणाऱ्या गोष्टीकडं कोण बघतं? आबांनी पट्टी बाहेर काढली, फडक्यानं पुसली. पुसल्यावर ती परत आत बुडवायची, पुन्हा काढायची आणि मग ऑइल कुठवर आलंय ते बघायचं. हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. आबांनी पुसलेली पट्टी परत बुडवली नाही. तशीच उजेडात धरली. पट्टी कोरडी.

"कमी हाय," ते स्वतःशी म्हणाले आणि डबा उचलून ओतायला लागले.

मंगळवारी तेच. बुधवारी आबा मळ्यात गेल्यावर मी स्वतः पट्टी काढून पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर होतं. मी पट्टी जागेवर ठेवली, हात धुतले आणि शाळेत गेले. त्या आठवड्यात आबांनी दोन भाडी मारली. गाडीत माणसं बसलेली मी पाहिली आणि थांबवलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते; तेव्हा तीही वाटली नाही.

रविवारी मिस्त्रीनं पाना हातात घेतल्यावर मी म्हणाले, "थांबा. ऑइल मी टाकत होते. दिवा दिसला की थोडं थोडं."

मिस्त्रीनं पट्टी काढली आणि कपाळावर हात मारला. "आवं ताई! जादा ऑइलचा आत फेस होतोय. फेसाला दाब कुठला? म्हणून तर दिवा लागतोय. आन उरलेलं जळून धूर." त्यानं खालून जादा ऑइल सोडलं, प्लग पुसून बसवले, गाडी सुरू केली. दिवा विझला. धूर हळूहळू विरळ होत गेला.

आबांनी मला सगळ्या गॅरेजसमोर झाडलं. "मास्तरीण झालीस आन एवढं कळंना व्हय तुला? पट्टी पुसायची, परत बुडवायची, मग बघायची! किती येळा शिकीवलं?" लहानपणी शिकवलेल्यातला एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. येताना आबा खुशीत होते. तासगावात थांबून त्यांनी मला भजी खाऊ घातली आणि पुन्हा एकदा तेच समजावून सांगितलं.

सोमवारी सकाळी मी गाडीपाशी जाऊन उभी राहिले. आबांनी पट्टी काढली, पुसली, उजेडात धरली. मग डबा उचलला.

"आबा, परत बुडवायची," मी म्हणाले.

त्यांचा हात थांबला. त्यांनी पट्टीकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काल तू खोटं बोललीस," ते म्हणाले.

"व्हय."

"कवापास्नं चाललंय ह्ये?"

"ठावं न्हाई. घाटाच्या आधीपास्नं आसंल."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मला रडू यायला हवं होतं, आलं नाही. तेवढ्यात वाडीवरचा एक अनोळखी माणूस विचारत विचारत आला. सुनेला दिवस भरत आलेले, दवाखान्यात दाखवायला सांगलीला न्यायची होती.

"दुसरी गाडी बघा, पावणं," आबा म्हणाले. "ड्रायव्हर आजारी हाय."

त्या माणसानं मान हलवली आणि वाकून गाडीत ड्रायव्हर झोपलाय का ते बघितलं.