निळी काच

आधी एक कबुली देतो, कारण ती मी फार वर्षे लपवली. आमच्या प्रयोगशाळेतील परिचर, ज्यांना सारे कॉलेज ‘भाऊ’ म्हणत असे, त्यांचा मी मनापासून हेवा केला, आणि त्या हेव्यापायी एकदा चिमूटभर मीठ वापरले. हेव्याचे कारण साधे होते. पांढरी भुकटी नुसती पाहून तिचे नाव सांगणारा भाऊंसारखा माणूस आमच्या मूल तालुक्यात झाला नाही. आणि रसायनशास्त्राची पदवी मात्र माझ्याजवळ होती.

क्षार ओळखण्याची पुस्तकी रीत मी फळ्यावर नीट तक्ता काढून शिकवत असे: आधी रंग, मग वास, मग ज्योत, शेवटी परीक्षानळी. भाऊ प्लॅटिनमची तार आम्लात बुडवीत, तिला क्षाराचा कण चिकटवून बर्नरच्या ज्योतीत धरीत आणि मुलांना सांगत की बेरियमची ज्योत धानाच्या कोवळ्या पऱ्ह्याची, म्हणजे रोपाची, स्ट्रॉन्शियमची पळसाच्या फुलाची आणि पोटॅशियमची वांग्याच्या फुलाची. माझा तक्ता मुले आठवड्यात विसरत, वांग्याचे फूल जन्मभर विसरत नसत. एकीने तर उत्तरपत्रिकेत ‘वांग्याच्या फुलासारखी ज्योत’ असेच लिहिले. तिचा अर्धा गुण मी कापला, आणि सांगायला लाज वाटते, मला बरे वाटले.

हा माणूस लग्नातही प्रयोगशाळा मागे ठेवून येत नसे. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या हळदीने माखलेल्या रुमालावर भज्यांच्या पिठाचा थेंब टाकला आणि तिथे उमटलेला लाल डाग वधूपित्यासमोर धरला. “सोडा लय पडला जी. पाहुणे पोट धरून बसतीन.” वधूपिता संतापला, पाहुण्यांनी मात्र भजी मुकाट्याने बाजूला सारली. केवळ हट्टाने मी सात खाल्ली. निदान अचूक होते, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मान्य करावे लागले.

मग प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक आले. भाऊंची कीर्ती त्यांच्या कानी गेली होती; एखादी बिननावाची बाटली देऊन पाहू, असे ते म्हणाले. बाटली भरण्याचे काम माझ्याकडे आले. मी पोटॅशियम क्लोराइड घेतले आणि त्यात चिमूटभर मीठ मिसळले. मिठातल्या सोडियमची पिवळी ज्योत इतकी दांडगी असते की पोटॅशियमचा जांभळा रंग तिच्यात बुडून जातो. तो पाहायचा तर डोळ्यांपुढे निळी काच धरावी लागते. ती काच मी खिशात घातली.

तार पिवळी पेटली. भाऊंनी खण उघडून काच शोधली, पुन्हा शोधली. बराच वेळ ज्योतीकडे पाहत राहिले. “मले तर वांग्याचं फूल असल्यासारखं वाटून राह्यलं,” ते म्हणाले, “पण दिसत नाई. सोडियम लिहा जी.” बाटलीतल्या क्षाराचे नाव लिहून दिलेली माझी चिठ्ठी परीक्षकांनी उघडली आणि ते हसले. मीही हसलो. भाऊ तार पुसत हळूच मला म्हणाले, “डोळे गेले वाटते माहे, सर.”

ते एसटीने गडचिरोलीला जाऊन डोळे तपासून आले. डोळे ठणठणीत आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. भाऊंना ते पटले नाही. त्यांनी बाजारातून एक चष्मा विकत घेतला, आणि त्यानंतर कुठल्याही क्षाराचे नाव उच्चारले नाही. मुले विचारत, तेव्हा “सरले इचारा” एवढेच म्हणत. मुले मला विचारू लागली. इतकी वर्षे हेच तर मला हवे होते. पण मुलांना उत्तर देताना माझी नजर नेहमी त्या चष्म्याकडे जाई.

निवृत्तीनंतर भाऊ चिमूरजवळच्या आपल्या गावी राहतात. गेल्या महिन्यात मी तिथे गेलो. त्यांनी खाट टाकली, चुलीवर चहा ठेवला, कॉलेजातल्या मुलांची चौकशी केली. मी रुमालातून काच काढून त्यांच्या हाती दिली.

“हे कुठी भेटली, सर?”

“माझ्या खिशात होती, भाऊ. त्या दिवशीही. बाटलीत पोटॅशियमच होते. मीठ मी मिसळले होते.”

भाऊंनी चष्मा काढून खाटेवर ठेवला, चुलीतली चिमूटभर राख जाळावर टाकली आणि निळ्या काचेतून पाहत राहिले. लाकडाच्या राखेत पोटॅशियम असते, हे मी मुलांना दरवर्षी शिकवीत आलो आहे.

“आहे जी,” ते म्हणाले, “वांग्याचं फूल.” मग काच खाली करून, चष्म्याविना, माझ्याकडे पाहिले. “काऊन केलं, सर?”

“हेवा वाटत होता, भाऊ,” मी म्हणालो. “तुमचे डोळे कधीच गेले नव्हते. चुकलो मी. मला माफ करा.”