झोपलंय म्हणजे बिघडलंय?

रेणुका गेल्याचा फोन आला तेव्हा मी आष्ट्यात, घरी, स्वयंपाक करत होते. जतच्या रस्त्यावर तिनं गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर मान टाकली, ती परत उचललीच नाही... हृदयविकार, डॉक्टर म्हणाले. मागच्या सीटवर नव्या बॅटऱ्यांचं खोकं होतं. महिना उलटून गेला, पण ते खोकं आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

सांगलीच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. ती जतची, मेंढपाळाच्या घरातली, टँकरची वाट बघत वाढलेली. इंजिनियर होऊन सांगलीच्या पाणीपुरवठा ऑफिसात लागल्यावर तिनं तिकडच्या विहिरींवर पाण्याची पातळी मोजणाऱ्या डब्या बसवल्या. बिनतारी, एकमेकींमार्फत निरोप पोचवणाऱ्या. टँकर आधी कुठल्या गावाला पाठवायचा, ते त्यावरून ठरायचं. तिची खरी करामत वेगळीच होती. डबीनं बहुतेक वेळ झोपायचं, ठरल्या वेळी उठून पाणी मोजायचं, निरोप द्यायचा, की परत झोपायचं. बॅटरी मोजण्यात जात नाही गं, बडबडीत जाते, असं म्हणून ती माझ्याकडं बघून हसायची. त्या झोपेमुळं एकेक बॅटरी वर्षानुवर्षं पुरायची.

आणि मग ऑफिसातल्या साहेबांनी स्क्रीनवर डब्यांच्या नावांपुढं ‘झोपेत’ हा शब्द वाचला. आपल्याकडं धंदा झोपला, पंप झोपला, म्हणजे कारभार आटोपलाच की! सगळ्या डब्या झोपल्यात म्हणून साहेबांनी बोंब ठोकली. रेणुकानं परोपरीनं समजावलं, शब्द बदलून देते म्हणाली. पण त्यांना पाहुण्यांसमोर स्क्रीनवर हिरवे दिवे सतत लुकलुकताना दाखवायचे होते ना! हुकूम आला, डब्या सदानकदा जाग्या ठेवा. ठेवल्या. बॅटऱ्या भराभर संपायला लागल्या, आणि बदलायला कोण? हीच. सांगली-जत, जत-सांगली, भर उन्हात. वर ठपकाही तिच्यावरच, की मॅडमच्या डब्या टिकत नाहीत. सगळ्या काढून टाकायचं ठरलं, तेही तिच्या नावावर खापर फोडून. काय म्हणावं या माणसांना...

शोकसभेत तेच साहेब फोटोला हार घालून म्हणाले, “मॅडमना विश्रांती कशी ती माहीतच नव्हती.” मी उठून बाहेर आले. थांबले असते तर तोंडातून भलतंच गेलं असतं.

परवा तिच्या माहेरी गेले होते. तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या विहिरीवर तिनं पदरच्या पैशांनी लावलेली एक डबी आहे. ऑफिसशी त्या डबीचा काही संबंध नाही, त्यामुळं ती अजून रेणुकानं शिकवलं तशीच चालते. मी तिथं असतानाच ऑफिसचा माणूस आला. गावातल्या बाकी डब्या काढून झाल्या होत्या, ही पण ऑफिसचीच समजून न्यायची म्हणाला. त्यानं डबीवर दोन टपल्या मारल्या. दिवा लागेना. ही पण झोपलीय, असं म्हणून त्यानं पाना काढला.

आप्पा विहिरीच्या काठावर बसले होते. ते उठले, आणि त्या माणसाच्या नि डबीच्या मधे जाऊन उभे राहिले.

“झोपू द्या तिला,” ते म्हणाले. “हात लावू नगासा.”