कर्वेनगरातला बर्फ

कबुतरांची जाळी बसवायला आलेल्या माणसांनी रविवारी दुपारी आमच्या गॅलरीतला थर्मामीटर खाली पाडला आणि त्या आठवड्यात कर्वेनगरात बर्फ पडायची वेळ आली. दोष जाळीवाल्यांचा नव्हता, माझा होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण तेव्हा मी ते वेळेवर सांगितलं नाही.

माझे सासरे, म्हणजे बाबा, पस्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त झाल्यावर त्यांना चुका काढायला कोणी उरलं नाही. घरातले आम्ही सुधारण्यापलीकडे गेलो होतो. मग त्यांनी जिन्याखालचा सोसायटीचा फळा ताब्यात घेतला. सकाळी सहाला उठायचं, गॅलरीतलं तापमान बघायचं, मफलर बांधून तीन मजले उतरायचं आणि छापल्यासारख्या अक्षरात लिहायचं, 'आजचे किमान तापमान' इतके इतके. त्याखाली एक ओळ सूचना. 'थंडी आहे, काळजी घ्यावी' किंवा 'थंडी नाही, उगाच खोकू नये'. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. सासूबाई गेल्या त्या सकाळीही फळ्यावर आकडा होता.

आता हा फळा जाणार अशी चिन्हं होती. सोसायटीचे नवे सेक्रेटरी हिंजवडीला नोकरीला जाणारे, चाळिशीचे, वागायला गोड. त्यांना जिन्याखाली मोठा स्क्रीन लावायचा होता. त्यावर तापमान आपोआप येणार होतं. "काकांना या वयात त्रास नको," एवढंच ते म्हणायचे आणि त्यावर भांडायलाही जागा नसायची. येत्या रविवारच्या सभेत निर्णय होता. बाबा त्याविषयी चकार शब्द काढत नव्हते, पण रात्रीचा भात टाकायला लागले होते. एक चूक सापडली की फळा गेला, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

आणि नेमका थर्मामीटर फुटला. नवरा परगावी, नवा थर्मामीटर आणायला सवड नाही, म्हणून मी बाबांना माझा जुना मोबाईल दिला. बोट कुठे लावलं की हवामान दिसतं ते शिकवलं. एक मात्र सांगायचं विसरले. त्या मोबाईलमध्ये पुणे नव्हतंच. माझी मुलगी जूनपासून हिमालयातल्या एका छोट्या गावात शाळेत शिकवते. मी रोज चहाच्या आधी त्याच मोबाईलवर तिच्या गावची थंडी बघायची. पुण्याची थंडी बघायला मोबाईल कशाला हवा, खिडकी आहे. गावाचं नाव वर बारीक अक्षरात येतं आणि मधोमध मोठा आकडा. बाबांनी मोठा आकडा वाचला.

सोमवारी फळ्यावर सहा. आदल्या दिवशी चौदा होते.

आमची सोसायटी संशयी आहे. दूधवाल्याने सांगितलेली वेळ, पेपरात आलेली बातमी, डॉक्टरांनी दिलेलं औषध, कशावरही आमच्याकडे लगेच विश्वास ठेवत नाहीत. पण बाबांच्या अक्षरातला आकडा म्हणजे आकडा. नऊ वाजेपर्यंत कपाटांतून स्वेटर बाहेर निघाले होते. चालायला जाणाऱ्या मंडळींनी आपली वेळ सहावरून आठवर नेली. मंगळवारी फळ्यावर चार आले, तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी तुळशीला मफलर गुंडाळला. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी फळ्याचा फोटो काढून नागपूरच्या मेहुण्याला पाठवला. नागपूरला तेव्हा नऊ होते. तो विजय ते गेटपाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. खोटं कशाला बोलू, मंगळवारी मीही पायमोजे घालून झोपले आणि मला चांगली हुडहुडी भरली होती.

या सगळ्यात एकच माणूस बनियनवर हिंडत होता. तळमजल्यावरचे चाचा. रविवार पेठेत त्यांचं दुलयांचं दुकान आहे, आजोबांच्या वेळेपासूनचं. पुण्यात थंडी पडली तर सगळ्यात आधी आनंद त्यांना व्हायला हवा. ते मला जिन्यात म्हणाले, "वहिनी, फळ्यावर चार आहे आणि माझ्या दुकानात पंखा चालू आहे. दोन्हीतलं एक काहीतरी बंद करायला लागेल."

मी हसले आणि विसरून गेले.

बुधवारी बाबांनी लिहिलं, 'सात. पाऊस. छत्री न्यावी.' बाहेर लख्ख ऊन होतं. त्या उन्हातून आमच्या सोसायटीची माणसं छत्र्या घेऊन बसस्टॉपकडे निघाली. शेजारच्या सोसायटीतले लोक बाल्कनीत येऊन त्यांच्याकडे बघत होते. आमच्या लोकांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. त्यांच्याकडे फळा नाही, त्यांना कोण सांगणार!

दुपारी मुलीचा फोन आला. म्हणाली, "आई, पहाटेपासून नुसता पाऊस लागलाय गं. सातच डिग्री आहे. मुलांना सोडून दिलं आम्ही."

सहा, चार, सात. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि पायमोजे काढले.

आता सरळमार्गी बाईने काय केलं असतं? उठून बाबांना सांगितलं असतं. मी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. ते खडूला टोक काढत बसले होते. रोज सकाळच्या आकड्यासाठी ते आदल्या दिवशी खडू ब्लेडने तासून ठेवायचे. मला धीर झाला नाही. मोबाईलमधलं गाव गुपचूप बदलून टाकू, कोणाला पत्ता लागणार नाही, असं मी ठरवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण बाबा तो मोबाईल उशाखाली घेऊन झोपत होते. छापखान्यातली सवय, चालू काम नजरेआड करायचं नाही.

त्यामुळे गुरुवार उजाडला आणि फळ्यावर आकडा आला एक. त्याखाली 'बर्फवृष्टीची शक्यता'.

मला वाटलं, आता तरी लोक हसतील आणि सगळं उघडं पडेल. एकही माणूस हसला नाही. साडेनऊला सेक्रेटरींची सही आणि शिक्का असलेली नोटीस लागली, 'बर्फ पडल्यास आपापल्या पार्किंगमधील बर्फ सभासदांनी स्वतः उचलावा. सोसायटी जबाबदार राहणार नाही.' त्यावर लगेच पाहुण्यांच्या पार्किंगमधला बर्फ कोणाचा असा वाद सुरू झाला. गच्चीवरचा बर्फ वरच्या मजल्याने काढायचा की सगळ्यांनी मिळून, यावर चौथा मजला आणि पहिला मजला यांचं बोलणं बंद झालं, ते अजून धड सुरू झालेलं नाही. एका कुटुंबाने खडकवासल्याला भजी खायला जायचा बेत रद्द केला. हे सगळं होत असताना मी गॅलरीत साडीच्या पदराने घाम पुसत होते.

दुपारी बाबांचा डोळा लागला, तेव्हा मी मोबाईल काढून घेतला आणि मुलीचं गाव पुसून पुणे घातलं. चोरी आजवर केली नव्हती आणि केली ती अशी, की सासऱ्यांच्या उशाखालून हिमालय पळवला.

शुक्रवारी फळ्यावर खरा आकडा आला. पंधरा.

आणि लोक खवळले. "काल एक आणि आज पंधरा? असं कुठे असतं का?" नागपूरच्या मेहुण्याला हरवलेले गृहस्थ सगळ्यांच्या पुढे होते. चार दिवस खोटा आकडा होता तेव्हा ज्यांनी हूं की चूं केलं नाही, ते खरा आकडा आल्यावर फळ्यासमोर घोळका करून उभे राहिले. तुळशीच्या मफलराचं काय करायचं, असा चौथ्या मजल्याचा सवाल होता. बाबा खडू हातात धरून एकेकाकडे बघत होते. शेवटी सेक्रेटरी पुढे आले, त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "असू द्या काका. वय झालं की होतं असं."

बाबांचा चेहरा उतरला. पस्तीस वर्षं लोकांच्या चुका पकडणाऱ्या माणसाला चूक आपली आहे हे कळत होतं, पण ती कुठे आहे हे सापडत नव्हतं. त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली, की मी तिथून वर निघून आले.

संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "गावाचं नाव त्यात कुठे येतं?"

मी दाखवलं. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत होते.

"शीर्षक वाचायचं राहिलं," ते म्हणाले. "नवशिक्याची चूक."

"बाबा, पण तुम्हाला थंडी वाजली नाही तरी कसं..."

"वाजली की. आकडा वाचला आणि वाजली." मग माझ्याकडे वळले. "तुला केव्हा कळलं?"

"बुधवारी."

"म्हणजे गुरुवारचा बर्फ तुला ठाऊक असून पडला."

एवढंच बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं. जेवायला आले, जेवले नाहीत.

शनिवारी सकाळी फळ्यावर आकड्याखाली चौकट होती. 'शुद्धिपत्र. सोमवार ते गुरुवार येथे लिहिलेले तापमान पुण्याचे नसून हिमालयातील एका गावाचे होते. चूक माझी. त्या काळात ज्यांना थंडी वाजली, त्यांनी ती पुन्हा तपासून घ्यावी.'

मी त्यांना म्हटलं, "बाबा, उद्या सभा आहे हो. हे वाचून ते स्क्रीनच लावतील." ते म्हणाले, "छापून गेलेल्या मजकुराला दुसरा उपाय नसतो." माझं नाव त्यांनी त्यात कुठेही घातलं नव्हतं.

रविवारची सभा पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. मला खात्री होती की आता फळ्याची तिरडी उचलणार. पण झालं भलतंच. शुद्धिपत्र खरं मानायचं, तर चार दिवसांचे स्वेटर खोटे ठरत होते. नागपूरचा मेहुणा जिंकत होता. उन्हात नेलेल्या छत्र्यांचं काय, याला उत्तर नव्हतं. आणि सगळ्यात मोठी अडचण सेक्रेटरींची. बर्फाच्या नोटिशीवर त्यांची सही आणि शिक्का होता, तिची प्रत दप्तरी लागली होती. ते उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच ठराव वाचला, 'सोमवार ते गुरुवार या काळात सोसायटीच्या आवारात थंडी होती, असे ही सभा ठरवते.'

"मला लागली होती थंडी," कोणीतरी म्हणालं. "मला तर ताप आला," दुसरं म्हणालं. भराभर हात वर झाले. चाचांनी हात वर केला नाही. ते म्हणाले, "मी दुलया विकतो, माझा फायदा थंडीत आहे. तरी सांगतो, नव्हती." त्यांचं म्हणणं नोंदवून घेतलं नाही.

ठरावाचा दुसरा भाग माझ्यासाठी अमृतासारखा होता. स्क्रीन रद्द. फळा तहहयात काकांकडे. फक्त काकांनी ते शुद्धिपत्र पुसावं. एवढं ओला फडका फिरवायचं काम. मी बाबांकडे बघितलं आणि मनात म्हटलं, पुसा हो, पुसून टाका, कोणाचं काय जातंय त्यात!

बाबा सावकाश उठले. "ठरावाची भाषा चांगली आहे," ते म्हणाले. "मजकूर तेवढा खोटा आहे." खिशातून तासलेला खडू काढून त्यांनी सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवला आणि ते जिना चढायला लागले. मी मागून गेले. तीन मजले चढायला त्यांना नेहमीपेक्षा फार वेळ लागला. खाली कोणीतरी शुद्धिपत्र पुसत होतं, फडक्याचा आवाज जिन्यात येत होता.

सोमवारी ते सहाला उठले. मफलर बांधला, दारापर्यंत गेले, कडीला हात लावला आणि परत फिरले. मी चहा ठेवला होता. ते गॅलरीत जाऊन नव्या जाळीपाशी उभे राहिले. बराच वेळ उभे होते.

"बाहेर गार आहे," ते आत येऊन म्हणाले.

"किती आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं आणि मला जीभ चावावीशी वाटली.

त्यांनी दोन्ही हात कपाभोवती धरले. "कोण जाणे किती," ते म्हणाले. "मला गार लागतंय."

या घरात येऊन मला सव्वीस वर्षं झाली. आकड्याशिवाय त्यांना स्वतःला काय होतंय, हे त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांच्यासाठी शाल आणायला आतल्या खोलीत गेले आणि कपाटात तोंड घालून रडत राहिले. बाहेर चहा निवत होता, आणि बाबा शाल मागत नव्हते.