कोचच्या चाव्या

लोवेल स्टँपर आमच्या अ‍ॅशबी कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची बस चालवायचा. केंटकीच्या डोंगरातले वळणाचे रस्ते, हिवाळ्यात त्यांवर बर्फ, मागे ताडमाड पोरांचा धिंगाणा. पण बसला कधी ओरखडा आला नाही. बोलायला मात्र महाकंजूष. माझ्या खुर्चीत बसून केस कापून घ्यायचा आणि जाताना "बरंय, होबार्ट," एवढंच म्हणायचा. त्याची बायको वॅनेटा सांगायची, "मला मागणी घालायला आला तेव्हासुद्धा हा निम्मं मानेनंच बोलला."

अशा माणसाच्या तोंडाकडे अख्खं गाव बघत बसलं, ते त्या चाव्यांमुळे.

पूर्वी कधीतरी कोच ट्रुइट आपल्या मोटारीच्या चाव्या बसमध्ये विसरला. लोवेलने त्या खिडकीतून वाजवून दाखवल्या आणि त्याच्याकडे फेकल्या. त्या दिवशी आम्ही जिंकलो होतो. पुढच्या खेपेला चाव्या कोचच्याच खिशात राहिल्या आणि हरलो. झालं! तेव्हापासून बाहेरगावच्या मॅचला निघताना कोचने चाव्या लोवेलकडे द्यायच्या, त्याने त्या आरशाशेजारच्या खुंटीला अडकवायच्या. जिंकून परतलो की व्यायामशाळेच्या दारात लोवेल त्या खुळखुळवणार, पोरं खिडक्या बडवणार, चाव्या हवेत उडणार आणि कोच एका हाताने झेलणार. हरलो तर चाव्या गुपचूप त्याच्या आसनावर. हसायचं असेल तर हसा, पण आमच्या गावात प्रार्थना चुकली तर चालेल, हे चुकून चालत नव्हतं.

त्यातून ते वर्ष तसंच होतं. आमच्यासारख्या आडगावच्या कॉलेजाला देशाच्या क्रमवारीत कोण विचारतो? पण आम्ही पहिल्या पंचविसांत शिरलो आणि वर वर सरकत राहिलो. दर सोमवारी दुपारी क्रमवारी जाहीर झाली की मी दुकानातल्या आरशाच्या कोपऱ्यात दाढीच्या फेसाने आकडा लिहायचो. गिऱ्हाईक आधी आकडा बघायचं, मग स्वतःचं तोंड.

मग शनिवारी दुपारी नदीपलीकडच्या मार्लोशी त्यांच्याच मैदानावर सामना झाला. मार्लो म्हणजे काय ते सांगतो. इथली मुलगी मार्लोच्या पोराबरोबर फिरताना दिसली, तर तिचा बाप महिनाभर केस वाढवतो, पण माझ्या दुकानात पाऊल टाकत नाही. त्या मार्लोला त्यांच्या घरात आम्ही कित्येक वर्षांत हरवलं नव्हतं. त्या दिवशी हरवलं. बस परतली तेव्हा अंधारून आलं होतं, बर्फ भुरभुरत होता. चाव्या फेकल्या गेल्या, पोरं नाचली, कोच आपल्या मोटारीतून घरी गेला.

त्याच सुमारास वृद्धाश्रमातली कामवाली मार्सी टॅकेट पाळी संपवून रस्त्याच्या कडेने घरी चालली होती. तिला मोटारीने उडवलं. मोटार थांबली नाही. मार्सी वाचली, पण डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

सोमवारी आम्ही नवव्या क्रमांकावर आलो. मी आरशावर नऊ लिहिला आणि पुसून टाकला. कारण सकाळीच पोलिसांना कोचच्या मोटारीचा चेपलेला पत्रा सापडला होता.

कोच म्हणाला, "मला वाटलं हरीण होतं." इकडे हरणावर मोटार न आदळलेला माणूस शोधावा लागतो, त्यामुळे लोकांना ते लगेच पटलं. पटवून घ्यायचंच होतं म्हणा. प्रश्न एवढाच उरला की कोच प्यायलेला होता का. तपासणी करायला उशीर झाला होता. मागची पोरं कानाला गाणी लावून बसलेली, मदतनीस कोच म्हणे झोपला होता. पुढच्या आसनावर कोच आणि त्याच्या शेजारी गाडी हाकणारा लोवेल. खटला उभा राहणार की नाही, हे त्या एका माणसाच्या साक्षीवर आलं. आणि सुनावणीनंतर आठवड्याभरात मोठी राष्ट्रीय स्पर्धा.

डेन्झिल क्रॅबट्री हा मोटारी विकणारा गृहस्थ माझ्या दुकानात पडीक असायचा. घटस्फोटात त्याने राहतं घर बायकोला दिलं, पण मॅचच्या दोन खुर्च्या सोडल्या नाहीत. एकीत स्वतः बसतो, दुसरीत कोट ठेवतो. लोवेल दाढीला बसलेला बघून तो म्हणाला, "काय रे मौनीबाबा, कोर्टात तरी तोंड उघडणार का?"

लोवेलने मान मागे टेकवून डोळे मिटले.

"नाही उघडलंस तरी चालेल. आयुष्यभर नाही उघडलंस, आता कुणाला खटकणार नाही."

"डेन्झिल," मी म्हणालो, "माझ्या हातात वस्तरा आहे. बाहेर जाऊन बस."

"अरे, मी काय वाईट बोललो? त्या पोरीचं वाईट झालं, कबूल. पण पाय काही परत येणार नाही. संघ मात्र बुडेल."

हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या तोंडांतून ऐकलं की मला गिऱ्हाइकांचे चेहरे बघवेनात. चांगली माणसं होती हो. त्याचाच जास्त संताप येत होता.

मग कोच स्वतः लोवेलच्या घरी आला, हे वॅनेटानेच मला नंतर सांगितलं. वॅनेटाचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा हाच माणूस दवाखान्यात लोवेलच्या शेजारी बसून राहिला होता, सराव सोडून. वॅनेटाने त्याच्यापुढे कॉफी आणि मक्याचा पाव ठेवला. त्याने हात लावला नाही. बराच वेळ टोपी फिरवत बसला आणि म्हणाला, "लोवेल, तुला आठवतंय तेच सांग. पण माणसाला सगळंच कुठं आठवतं?"

तो गेल्यावर वॅनेटा नवऱ्याला म्हणाली, "तू काय सांगणार आहेस ते मला विचारायचं नाही. मी फक्त एवढं सांगते, तू झोपत नाहीयेस."

सुनावणीच्या सकाळी मीच त्याला माझ्या गाडीतून नेलं. कोर्ट खच्चून भरलेलं. निम्म्या लोकांनी संघाचे सदरे घातले होते. पुढच्या बाकावर मार्सी, कुबड्या भिंतीला टेकवून. लोवेल उभा राहिला, शपथ घेतली, आणि बोलायला लागला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

मार्लोच्या मैदानाबाहेर कुणीतरी कोचच्या हातात बाटली दिली. वाटेत ती संपली. जीभ जड झाली होती, वास येत होता. दारात बस थांबल्यावर लोवेलने चाव्या फेकल्या.

"आणि कोचना त्या झेलता आल्या नाहीत," लोवेल म्हणाला. "आजवर कधी सुटल्या नव्हत्या. बर्फात पडल्या. ते शोधायला वाकले आणि तोल गेला. पोरांना वाटलं गंमत करतायत. मग मी खाली उतरलो, चाव्या उचलल्या, पुसल्या आणि त्यांच्या हातात ठेवल्या."

कोचचा वकील ताडकन उठला. "म्हणजे माणूस पिऊन पडतोय हे तुम्हाला दिसत होतं. तरी तुम्ही स्वतः चाव्या दिल्यात? का दिल्यात?"

वकिलाला वाटलं, साक्षीदार आता अडकला. लोवेलने खाली बघितलं, मग सरळ वकिलाकडे.

"जिंकलो होतो ना, साहेब."

त्या सदऱ्यांतल्या एकालाही ते उत्तर समजावून सांगायची गरज नव्हती. कोचने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खटला उभा राहिला, संध्याकाळी कॉलेजने कोचला घरी बसवलं, आणि स्पर्धेत आम्ही पहिल्याच सामन्यात गारद झालो. बस दुसऱ्या माणसाकडे गेली. अजून काही घरांतून वॅनेटाला कुणी हाक मारत नाही.

पण मला सांगायचंय ते कोर्टाबाहेरचं. लोवेल भिंतीशी उभा होता, लोक त्याला वळसा घालून जात होते. मार्सी कुबड्यांवर टकटक करत त्याच्यासमोर येऊन थांबली. लोवेल भिंतीपासून पुढे झाला.

"त्या दिवशी मी कामावर रेडिओ ऐकत होते," ती म्हणाली. "जिंकलो तेव्हा जिन्यात एकटीच ओरडले." तिने कुबडी सावरली. "एक विचारू? चाव्या दिल्या नाहीत तर पुढची मॅच हरू, असं खरंच वाटलं होतं तुम्हाला?"

लोवेलने होकाराची मान हलवली. मग त्याला ते पुरेसं वाटलं नसावं. "हो, पोरी," तो म्हणाला. "वाटलं होतं."

मार्सीने आपल्या पँटच्या दुमडून पिन लावलेल्या डाव्या पायाकडे बघितलं.

"मलाही वाटलं असतं," ती म्हणाली.

लोवेल तिथल्या बाकावर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मार्सीने कुबड्या बाजूला ठेवल्या आणि ती त्याच्या शेजारी बसून राहिली.