नूर स्टुडिओतला महाल

जळगाव जामोदच्या बसस्टँडसमोर फकीर मोहम्मद यांचा नूर फोटो स्टुडिओ होता आणि त्याला लागून माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. टीव्हीवर कार्टूनच्या आधी कुठल्यातरी स्टुडिओचं नाव झळकायचं. आमच्या पोरांना ठाऊक असलेला स्टुडिओ हा एकच. त्यांनी सरळ येऊन विचारलं, "चाचा, थो कार्टूनमधला उंदीर इथंच काढता का तुम्ही?"

फकीरभाईंनी सुरुवातीला हाकललं. मग त्यांनाच नाद लागला. रद्दीतली इंग्रजी मासिकं आण, खामगावला जाऊन इंटरनेटवर शोध, असं सुरू झालं. बोलणारं कार्टून पहिल्यांदा कधी निघालं, कार्टूनवाल्यांनी परदेशात बांधलेल्या बागेत कोणता पाळणा आधी फिरला, उंदराच्या सोंगात आत माणूस असतो का, सगळ्याची उत्तरं तयार. लग्नाचे फोटो धुवायचे पडलेत, गिऱ्हाईक ताटकळलंय आणि हे लष्कराच्या भाकऱ्या भाजतायत! पण ठोकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यामुळे पोरं घरच्यांपेक्षा त्यांचं खरं मानायची.

मोठ्या माणसांत त्यांचा चाहता एकच, कडूबा. सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं कपाशीचं शेत होतं. लेक अनुपमा हिचे प्रश्न म्हणून जे घेऊन यायचा, त्यातले निम्मे त्याचेच असत. एका वर्षी कापूस बरा झाला, तेव्हा बापलेकीनं स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासमोर फोटो काढला. पडद्यावर पांढरा महाल होता, बऱ्हाणपूरच्या पेंटरनं बिस्किटाच्या डब्यावरून काढलेला. कडूबा पोरीच्या कानात म्हणाला, ते दारात उभ्या मला ऐकू आलं, "पुढच्या साली नेतो तुले तिथं." फकीरभाई आत फिल्म काढत होते. त्यांनी ते ऐकलं असतं तर तिथंच मोडता घातला असता.

पुढचं वर्ष वाईट गेलं. बीटी कपाशीला फवारा लागत नाही, असं सांगून बियाणं विकलं होतं. तरी रानोरान लोक पाठीवर पंप घेऊन फिरत होते. भर उन्हात, तोंडाला नुसता रुमाल बांधून कडूबा दिवसभर कीटकनाशक फवारत राहिला. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेला, तो जिवंत परत आला नाही.

तेरवीला फोटो मोठा करून हवा म्हणून त्याची बायको सत्यभामाबाई लेकीला घेऊन आली. कडूबाचा फोटो घरात तेवढाच होता, महालासमोरचा. मी फकीरभाईंसाठी चहा घेऊन गेलो होतो. पोरगी बाहेर माझ्या दुकानातल्या रंगपेट्या बघत होती. तेवढ्यात बाई हळूच म्हणाली, "फकीरभाई, पोरीले म्या सांगतलं, बाबा या महालात राहाले गेले. पोरगी तुम्हाले इचारीन. हाव म्हणा फक्त."

पोरगी आत आली आणि पडद्यासमोर उभी राहिली.

"चाचा, महालाच्या आत काय हाय?"

त्यांनी चष्मा काढून हातात धरला. बाईची नजर त्यांच्यावरून हलत नव्हती. मी मनात म्हणत होतो, बोला हो, एकदा तरी खोटं बोला. फकीरभाई उठले आणि त्यांनी पडद्याचं एक टोक वर उचललं.

"पाह्य बेटा."

मागे पोपडे आलेली भिंत होती. मोडकं स्टूल आणि पाण्याची बादली. पोरगी आत शिरली, भिंतीला हात लावत दुसऱ्या टोकानं बाहेर आली.

"बाबा नाई इथं."

"नाई बेटा. बाबा वारले."

पोरीनं आईच्या पदरात तोंड खुपसलं आणि मग जो हंबरडा फोडला, तो बसस्टँडपर्यंत गेला असेल. मला त्या माणसाचा असा संताप आला की हातातली कपबशी मी टेबलावर आपटली. एवढंसं लेकरू! उत्तरं देता देता याचं काळीज दगडाचं झालं, असं वाटलं.

पोरीला कवटाळून सत्यभामाबाई म्हणाली, "एक खोटं बोलले असते, तं काय बिघडलं असतं तुमचं?"

"माहं काई नसतं बिघडलं," फकीरभाई म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते. "पण पोरगी वाट पाह्यत बसली असती, बाई."