रोज आठ वाजता, समोरचा शालू

निवृत्त झाल्यावर बायका भिशी लावतात नाहीतर भजनाला जातात. मी कॅमेरा घेतला. खोकं उघडतानाच आमच्या ह्यांनी विचारलं, "का, फोनला काय धाड भरली होती?"

पहिले सहा महिने मी फक्त फुलं टिपली आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. खाली अंगठे, नाहीतर जोडलेले हात. माझ्या जास्वंदीखाली तर एका महाभागाने "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं. बघायची तसदी कोण घेतो!

मग कोथरूडमधल्याच हौशी फोटोवाल्यांच्या एका गटात शिरले. तिथे नियम एकच: "छान" म्हणायचं नाही. काय चुकलं ते सांगा, नाहीतर गप्प बसा. पुण्यात असल्या गटाला माणसं कमी पडत नाहीत. गट चालवणारी आयटीतली मुलगी माझी विद्यार्थिनी शोभली असती, पण तिने मलाच गृहपाठ दिला. "मॅम, फुलं बास आता. एकच फ्रेम, रोज, सेम टाइम. चाळीस दिवस."

माझ्या खिडकीसमोर एका काकांची बाल्कनी आहे. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, बायको जाऊन दोन वर्षं झालेली, बोलणं मोजकं. ते रोज सकाळी बायकोच्या लग्नातला डाळिंबी शालू कठड्यावर घडीनेच टाकत. वर सकाळचं तिरपं ऊन. मी म्हटलं, हीच आपली फ्रेम.

एकदा गेटपाशी भेटले तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं, "नातीचं लग्न आहे. आजीचाच शालू नेसणार म्हणते. पण डांबरगोळ्यांचा वास जाता जात नाही. ऊन दाखवतोय."

यावर मी काय विचारावं? "रोज आठलाच टाकता ना?"

"आठ म्हणजे आठ," ते म्हणाले. मी खूश होऊन घरी आले.

रोज फोटो, रोज गटावर, रोज शेरे. "रंग स्थिर नाही." "परवा लाल होता, आज गुलाबी." "मॅम, व्हाइट बॅलन्स!" पांढरं ते पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्याला समजावायचं, त्याला म्हणतात व्हाइट बॅलन्स. मी हट्टाला पेटले. व्हिडिओ पाहिले, वही घातली, एका दुपारी ह्यांच्या पानातला दहीभात फोटोसाठी अडवून ठेवला.

"भात पांढरा आहे," हे म्हणाले. "लेखी देतो. आता जेवू दे."

चाळिसाव्या दिवशी सगळे फोटो कॉम्प्युटरवर एका ओळीत लावले. गटाला दाखवून देणार होते की बाईला जमलं. बघते तर भिंत सगळीकडे तीच. कोपऱ्यातली निळी बादली तशीच निळी. काकांचा गंजीफ्रॉक पहिल्या दिवशी होता तितकाच पिवळट. बदलत गेला होता तो फक्त शालू. डाळिंबी, मग गुलाबी, मग पार विटलेला. कॅमेरा पहिल्यापासून बरोबर होता.

अगं बाई गं! रेशीम सावलीत, वाऱ्यावर घालायचं, उन्हात नाही, हे मला परकर नेसायच्या वयात आईने शिकवलंय. पुरुषमाणसाला कुठलं कळायला! मला कळत होतं. पण चैत्रातलं चढतं ऊन त्या रेशमावर पडताना चाळीस सकाळी बघून मी काय केलं, तर सावली कशी सुंदर पडते ते टिपलं. स्वतःची इतकी लाज मला आजवर वाटली नव्हती.

चपला अडकवल्या आणि तशीच समोर गेले. लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. काकांना दारातच सगळं सांगून टाकलं. आत जाऊन त्यांनी शालू आणला आणि कॉटवर उलगडला. घडीच्या आत रंग नव्यासारखा होता. वर जी बाजू यायची, तिथे या काठापासून त्या काठापर्यंत हातभर रुंद फिका पट्टा पडला होता.

मी बडबडत सुटले. रंगवून मिळेल, ओळखीचा रंगारी आहे, पट्टा निऱ्यांत लपवता येईल, तुम्हाला तरी काय माहीत असणार.

काका त्या पट्ट्यावरून तळहात फिरवत होते. "शंका आली होती मला," ते म्हणाले. "पण बाई, तुम्ही रोज समोर उभ्या. म्हटलं, चुकत असतं तर बोलल्या असतात."