सात पायऱ्यांची अर्जी

गरम झालेल्या टेपला एक आंबटसर वास येतो, उन्हात विसरलेल्या ताकासारखा. संकलनाच्या बिनखिडकीच्या खोलीत मी ऐन उमेदीची वर्षं काढली आणि तो वास पदरात, केसांत, डब्यातल्या पोळीतसुद्धा मुरत गेला. आजही कुठे तसा वास आला की मी बसल्या जागेवरून उठते. उठून कुठे जायचं, ते मात्र ठाऊक नसतं.

अपंगांच्या हक्कांच्या सभांमध्ये माझी ओळख करून देताना सांगतात, की टीव्ही केंद्रात मोठ्या पदावर असताना मला या कामाची हाक ऐकू आली. हाक वगैरे काही नव्हती. एक कागद होता, आणि तो माझा नव्हता.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. राज्याच्या राजधानीतल्या टीव्ही केंद्रात मी महिलांच्या कार्यक्रमाची निर्माती होते. वडिलांचं आदिलाबादच्या बाजारात बांगड्यांचं दुकान, म्हणून सीमेकडची मराठी मला येते हे वरिष्ठांच्या लक्षात होतं. त्यांनी मला सीमेवरच्या बेला गावाकडे पाठवलं. विषय कर्तबगार ग्रामीण स्त्रिया, अवधी वीस मिनिटं.

बेल्याच्या पुढे, कापसाच्या शेतांनी वेढलेल्या एका गावात एक सरकारी कचेरी होती. गावाचं नाव मी लिहीत नाही. कचेरीच्या पाटीवर तेलुगूत मंडल, लोकांच्या तोंडी अजून तहसीलच. वर जायला सात पायऱ्या. त्यांच्या पायथ्याशी, तरटाच्या सावलीत, एक बाई लोकांच्या अर्ज्या लिहीत बसायची. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. लहानपणी पोलिओ होऊन तिचे दोन्ही पाय वाळले होते. हातांत रबरी चपला घालून ती जमिनीवरून सरकायची. शेतकरी येऊन बैलाबद्दल सांगे, भावकीबद्दल सांगे, मध्येच रडे. ती ऐकून घेई आणि त्यातून चार ओळी काढी. कविता लिहीत वाढलेली मी तिच्याकडे बघत राहिले. काय गाळायचं, हे तिला माझ्याहून चांगलं कळत होतं.

तिची स्वतःचीही एक अर्जी होती. वर कचेरीच्या ओसरीत एक म्हातारे अर्जनवीस बसत. ते मुलाकडे कायमचे निघून गेल्याने ती जागा रिकामी झाली होती. तिथे ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, टेकायला भिंत होती. ती जागा आपल्याला द्यावी आणि पायऱ्यांच्या कडेने सिमेंटचा उतार करावा, एवढंच तिने मागितलं होतं. आदिलाबादच्या एका माणसानेही तीच जागा मागितली होती. ज्याची अर्जी आधी त्याची जागा, असा कचेरीचा रिवाज. तिच्याकडच्या प्रतीवर निळी मोहर होती, मोहरेत तारीख होती, आणि ती त्या माणसाच्या आधीची होती. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून तो कागद ती पोलक्यात ठेवायची.

मी तिला पायऱ्या चढायला सांगितलं.

ती चढली. वरच्या पायरीवर पोचली तेव्हा सूर्यावर ढग होता.

"अक्का, एकदा अजून," मी म्हणाले. "ढग आला."

"ढग सरकारचा हाय का तुमचा?" असं म्हणत ती खाली आली आणि पुन्हा चढली. चपलांचा दगडावर थप्, थप् असा आवाज येत होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला तो जवळून हवा होता, म्हणून तिसऱ्यांदाही चढायला लावलं.

"चढतानीच घेऊन राह्यल्या, बाई. उतरतानी जास्त दुखते. थे काऊन नाही घेत?"

उतरणारं माणूस पडद्यावर हरल्यासारखं दिसतं, हे मला माहीत होतं. "टेप कमी आहे," मी म्हणाले.

मोहरेचं चित्र जवळून घ्यायचं राहिलं होतं, आणि ऊन कलल्यामुळे कागद पिवळा दिसत होता. आमच्या धंद्यात अशी चित्रं मागाहून स्टुडिओत दिव्याखाली घेतात आणि मध्ये जोडतात. अंगठी, पत्र, घड्याळ, काहीही उचलून आणायचं. मी कागद मागितला.

"हा गेला तं मी गेली," ती म्हणाली.

"आठ दिवसांत रजिस्टरने पाठवते."

तिने पोलक्यात हात घातला. मग पिशवीसकट कागद माझ्या हातावर ठेवला. तो तिच्या अंगाइतका ऊबदार होता.

चित्रपट्टी चांगली झाली. केंद्रातल्या कारकुनांपासून संचालकांपर्यंत सगळ्यांनी ते चढणं पुन्हा लावून पाहिलं. शहरातल्या सधन स्त्रियांचं एक दानमंडळ होतं, त्यांनी मला टेप घेऊन चहाला बोलावलं. मोगरा, वेलदोडा, कपाटातून नुकत्याच काढलेल्या रेशमाचा वास. आणि त्या वासात बसून पंधरा जणी डोळे टिपत होत्या. त्यांनी हाताने चालवायच्या तीनचाकी सायकली वाटायचं तिथल्या तिथे ठरवलं. तिला उतार हवा आहे, हे मी बोलले नाही. सायकलीला हार घालता येतो, तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढता येतो. सिमेंटच्या उतारापाशी पाहुण्यांनी काय करायचं? त्या स्त्रिया वाईट नव्हत्या. सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. पण त्या दिवशी सगळ्या माझ्याकडे कौतुकाने पाहत होत्या, आणि मला ते आवडत होतं. पुढल्याच महिन्यात त्यांनी मला आपल्या मंडळावर घेतलं.

वर्ष उलटलं. प्रेक्षकांच्या पत्रांच्या पोत्यात, स्तुतीच्या गठ्ठ्यात, ते अक्षर दिसलं. ओळीखाली रेघ नसतानाही रेघ वाटावी असं अक्षर. गठ्ठे लावणाऱ्याने पहिली ओळ वाचली असणार: सायकल मिळाली, आभारी आहे. पुढे लिहिलं होतं, की काळ्या मातीत तिचं चाक फिरत नाही, तिच्यावर तुरीच्या शेंगा वाळत घातल्या आहेत. नवे साहेब जागेचा निकाल करणार आहेत. आवक वही तपासणीला जिल्ह्याला गेली आहे, म्हणून प्रत दाखवा म्हणतात. माझा कागद पाठवा. पत्र पाच महिन्यांपूर्वीचं होतं.

मी तशीच उठले. कपाटं उपसली, टेबलाचे खण जमिनीवर पालथे केले. मग टेपांच्या भांडारात गेले. तेव्हा टेपांची टंचाई असायची; जुनं पुसून त्यावरच नवं घेत. तिची टेप पुसली गेली होती. तिच्यावर आता लिंबाच्या लोणच्याचे तीन प्रकार होते. पण टेपेचा खोका तोच होता, आणि खोक्याच्या तळाशी पिशवी होती.

दुसऱ्या दिवशी मी आदिलाबादची बस धरली, तिथून बेल्याची. दुपारी कचेरीपाशी पोचले. ओसरीत एक माणूस टेबल टाकून बसला होता. पायऱ्या सातच होत्या. ती खाली, तरटाखाली, कुणाची तरी अर्जी वाचून दाखवत होती. ते काम संपेपर्यंत मी उन्हात उभी राहिले.

मी कागद दिला. तिने मोहर पाहिली, घडी तशीच घातली.

"आल्या," ती म्हणाली. "मले वाटलं, लोणच्यासंगं मुरला." आमचा लोणच्याचा कार्यक्रम तिने गावच्या पंचायतीतल्या टीव्हीवर पाहिला होता. काय पुसून काय भरलं गेलं होतं, हे तिला कसं ठाऊक असणार? तरी माझे कान तापले.

मी वर जाऊन कारकुनाला भेटले. तो दखनी हिंदीत बोलला, सभ्यपणे. जागा दिली गेली होती. कागद खरा आहे, फेरविचार होऊ शकतो. पण प्रत वेळेत का आली नाही, हे जिच्याकडे होती तिने लिहून द्यायला हवं. उताराचं कामही त्याच फाइलीत अडकलं आहे.

खाली येऊन मी तिला सांगितलं. तिने कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं.

"तुम्ही सांगा, मी लिहिते," मी म्हणाले.

"तुमची अर्जी हाय. तुमीच लिवा."

मी सगळ्यात खालच्या पायरीवर बसले. दगड तापला होता. केंद्राचं नाव, माझं पद, दानमंडळ, वरिष्ठांचे चेहरे, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. महोदय, असं लिहिलं. खाली लिहिलं, सदर प्रत टपालखात्याच्या. तिथे पेन थांबलं. ती समोरून उलटं अक्षर वाचत होती, रोजची सवय. मी ती ओळ खोडली.

"उशिराचं कारण काय लिहू, अक्का?"

तिने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"खरं."